फळ्यावरचा आकडा आणि गोदामातली गाठ: कर्नल आणि युझर स्पेसच्या सामायिक बफरमधला क्रम

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम भरात आला की धरणगावकडच्या जिनिंगांसमोर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. अशाच एका जिनिंगच्या भुईकाट्याला आम्ही लिनक्सवर चालणारा, एआरएम प्रोसेसरचा छोटा बोर्ड लावला होता. लोडसेल (वजनाचा सेन्सर) वाचणारं कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात चालणारा कोड, आमचं; पावती छापणारा, गाभ्याबाहेर युझर स्पेसमध्ये चालणारा प्रोग्रामही आमचाच; आणि दोघांच्या मध्ये एमॅपने (तीच मेमरी दोघांना दाखवणाऱ्या सिस्टिम कॉलने) वाटून घेतलेला एक रिंग बफर, म्हणजे शेवटचा खाना भरला की पुन्हा पहिल्यापासून भरत जाणारी जागा. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, काटा रिकामा आहे अन् ५४ क्विंटल दाखवतोय. बघेपर्यंत परत शून्य." दोन दिवसांनी त्याहून वाईट झालं. मागच्या ट्रॅक्टरचं वजन पुढच्याच्या पावतीवर छापलं गेलं. शेतकरी हुशार निघाला, त्याने पावती तिथल्या तिथे परत केली.

कोड मी दहादा वाचला. आधी नोंद लिहितोय, मग मोजणी वाढवतोय, चूक कुठे? सुगावा लागला तो साध्या भागाकाराने. बफरमध्ये ४०९६ खाने, सेकंदाला ८० नोंदी, म्हणजे एक फेरी पुरी व्हायला ५१.२ सेकंद. नवी नोंद पडायच्या आत कुणी खाना वाचला, तर त्याच्या हाती ५१ सेकंदांपूर्वीची नोंद लागणार. आणि ५१ सेकंदांपूर्वी काट्यावर मागचा ट्रॅक्टर उभा होता.

पहिला ड्रायव्हर लिहायला घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. सी येतं आणि थ्रेडची तोंडओळख आहे एवढं गृहीत धरतो. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कर्नलच्या कोडमध्ये शोधलीत की लगेच सापडतील.

आधी गोदाम बघा

जिनिंगच्या प्रेसमधून कापसाच्या गाठी निघतात, एकेक साधारण १७० किलोची. हमाल गाठ गोदामातल्या ठरलेल्या कप्प्यात ठेवतो आणि दारावरच्या फळ्यावर ‘भरल्या’ या आकड्यात एक वाढवतो. ट्रक भरणारा फळा बघतो, तेवढ्याच गाठी उचलतो आणि ‘उचलल्या’ या दुसऱ्या आकड्यात एक वाढवतो. रिंग बफर याहून वेगळा नसतो. आमच्या बाबतीत हमाल म्हणजे कर्नल आणि ट्रक भरणारा म्हणजे युझर स्पेसमधला प्रोग्राम.

गडबड दोन तऱ्हांनी होते. हमालाने गाठ ठेवायच्या आधीच आकडा वाढवला, ही पहिली. दुसरी कुणाच्या लवकर लक्षात येत नाही: ट्रक भरणाऱ्याने कप्प्यात आधी डोकावून घेतलं, तिथे जुनी गाठ पाहिली, आणि फळा नंतर वाचला. माणूस असं सहसा करत नाही. प्रोसेसर सर्रास करतो. पुढे लागेल म्हणून तो वाचन आधीच उरकून ठेवतो, आणि आपल्याला कळवतही नाही.

क्रम कोण मोडतं

दोघं मोडतात. पहिला कंपायलर. दोन लिखाणांचा एकमेकांशी संबंध नाही असं त्याला दिसलं, की तो ती पुढेमागे करतो. फिरत्या लूपमध्ये फळा एकदाच वाचून आकडा रजिस्टरमध्ये धरून बसतो, तेही कायद्यात राहून.

दुसरा प्रोसेसर. तुमच्या लॅपटॉपचा एक्स८६ त्या मानाने शिस्तीचा आहे. त्याची लिखाणं बाहेर पडतात ती लिहिल्या क्रमानेच, आणि वाचनंही क्रमाने झाल्यासारखीच दिसतात. तो एकच सवलत घेतो: आधी लिहिलेलं स्टोअर बफरमध्ये (मेमरीत जायची वाट बघणाऱ्या लिखाणांच्या रांगेत) अडकलेलं असताना दुसऱ्या जागेचं नंतरचं वाचन पुढे काढतो. ही सवलत लक्षात ठेवा, झोपण्या-उठण्याच्या प्रकरणात ती आपल्याला गाठणार आहे. एआरएम मात्र मोकळा. एकमेकांवर अवलंबून नसलेली लिखाणं आणि वाचनं तो हव्या त्या क्रमाने दाखवू शकतो. आमचा कोड लॅपटॉपवर महिनाभर चालला आणि काट्यावर तीन आठवड्यांत उघडा पडला, त्याचं कारण हेच.

बरेच जण विचारतात, कर्नलमध्ये ये-जा सिस्टिम कॉलने होते, मग तिथे आपोआप बॅरियर (क्रम मोडू न देणारी आडकाठी) पडत नाही का? त्या भरवशावर राहू नका. मुळात सामायिक बफर घेतो तोच सिस्टिम कॉल वाचवायला. एका कोअरवर कर्नल लिहीत असतो, दुसऱ्यावर तुमचा प्रोग्राम वाचत असतो, आणि मध्ये कॉल होतच नाही. दोघांचे पत्ते वेगळे असले तरी खालचं भौतिक पान एकच. हार्डवेअरच्या नजरेत हे दोन कोअरवरचे दोन थ्रेड, बस्स.

कागद आधी, कोड नंतर

वहीचं एक पान घ्या आणि सामायिक जागेतली प्रत्येक गोष्ट कोण लिहितो, कोण वाचतो ते मांडा. ‘भरल्या’ फक्त कर्नल लिहील, ‘उचलल्या’ फक्त युझर लिहील. एका आकड्याला दोन लिहिणारे दिसले तर तिथेच थांबा आणि रचना बदला.

नावांचा घोळ इथेच मिटवून टाका. कर्नलच्या परफ (कामगिरी मोजायचं साधन) बफरमध्ये भरणारा ‘हेड’ पुढे सरकवतो आणि उपसणारा ‘टेल’. आयओ युरिंगमध्ये (कामांच्या रांगा कर्नलशी वाटून घ्यायची सोय) बरोबर उलटं: भरणारा ‘टेल’ लिहितो, उपसणारा ‘हेड’. एकीकडचं उदाहरण बघून दुसरीकडचा कोड लिहिणाऱ्यांची यात फार फजिती होते. म्हणून मी माझ्या कोडमध्ये हेड-टेल हे शब्दच वापरत नाही.

आकडे ३२ बिटांचे आणि बिनचिन्ही ठेवा. ६४ बिटांचा आकडा ३२ बिटांच्या मशीनवर दोन तुकड्यांत वाचला जाऊ शकतो. ‘लाँग’ तर सामायिक रचनेत नकोच, कारण ६४ बिटांच्या कर्नलवर ३२ बिटांचा प्रोग्राम चालवलात की दोघांना त्याची लांबी वेगळी दिसते. आकडे सतत वाढू द्या, शून्यावर आणू नका. खान्यांची संख्या दोनाच्या घातात ठेवली की खाना क्रमांक नुसत्या मास्कने निघतो, म्हणजे ‘खाने वजा एक’शी बिटांचं ‘अँड’ करून; खालच्या कोडमधलं ‘आणि मास्क’ ते हेच. भरल्या वजा उचलल्या म्हणजे शिल्लक; ती खान्यांच्या संख्येइतकी झाली की गोदाम फुल्ल. बिनचिन्ही वजाबाकी असल्याने आकडा उलटला तरी हिशेब चुकत नाही. दोन्ही आकडे वेगवेगळ्या कॅश लाईनवर (कॅश एका वेळी उचलते तो मेमरीचा तुकडा) ठेवा, बहुतेक ठिकाणी ती ६४ बाइटांची असते. एका लाईनीत ठेवलेत तर निकाल बरोबर येईल, पण दोन कोअर ती लाईन दिवसभर एकमेकांकडून ओढत बसतील.

पहिला जोड: माल तयार आहे

कर्नलच्या बाजूने:

खाना[भरल्या आणि मास्क] मध्ये नोंद लिहा
एसएमपी_स्टोअर_रिलीज(भरल्या, भरल्या + १)

युझरच्या बाजूने:

भ = अक्वायर वाचन(भरल्या)
उचलल्या आणि भ सारखे असतील तर काही नाही, परत फिरा
खाना[उचलल्या आणि मास्क] मधली नोंद वाचा

रिलीज लिखाण हमी देतं, की आधीची सगळी कामं उरकल्याशिवाय हा आकडा कुणाला दिसणार नाही. अक्वायर वाचन हमी देतं, की पुढची कोणतीही कामं या वाचनाच्या आधी सरकणार नाहीत. दोन्ही मिळून एक हमी तयार होते. एकाच बाजूला बसवलेला बॅरियर म्हणजे एका बाजूने लावलेली कडी. दार दुसऱ्या बाजूने उघडंच.

आमच्याकडून नेमकं हेच झालं. पहिल्या दुरुस्तीत आम्ही फक्त कर्नलमध्ये रिलीज बसवलं, आणि पावतीच्या प्रोग्राममध्ये ‘व्होलाटाइल’ होतं तसंच ठेवलं. चुका कमी झाल्या. थांबल्या नाहीत. व्होलाटाइल कंपायलरला सांगतं की दर वेळी खरोखर मेमरीतून वाच. प्रोसेसरला ते काहीच सांगत नाही, आणि शेजारच्या साध्या वाचनांचा क्रमही धरून ठेवत नाही. ट्रक भरणारा फळा दर वेळी नव्याने बघत होता हे खरं, पण कप्प्यात आधीच डोकावून आलेला होता.

युझर स्पेसमध्ये २०११ च्या सी प्रमाणातली अ‍ॅटॉमिक्स आहेत, पण सामायिक हेडर कर्नललाही वाचायचं असल्यामुळे रचनेत ‘अ‍ॅटॉमिक’ प्रकार घालता येत नाही. म्हणून रचनेत साधा ३२ बिटांचा पूर्णांक ठेवा आणि वाचताना जीसीसी किंवा क्लँगचं अ‍ॅटॉमिक_लोड_एन वापरा, सोबत अक्वायर. नावाआधी दोन अंडरस्कोर असतात ते विसरू नका. कर्नलचं मेमरी मॉडेल आणि सी भाषेचं मॉडेल कागदावर दोन वेगळी आहेत, पण ६४ बिटांच्या एआरएमवर रिलीज आणि अक्वायर दोन्हीकडून त्याच जातीच्या सूचनांत उतरतात. परफ, आयओ युरिंग, बीपीएफचा (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवायची सोय) रिंग बफर, सगळे याच जोडावर उभे आहेत.

दुसरा जोड: जागा रिकामी झाली

नवीन लोक हमखास विसरतात तो हा. माल उचलून झाल्यावर ‘उचलल्या’ वाढवणं म्हणजे हमालाला सांगणं की आता या कप्प्यात नवी गाठ टाक. तुमचं नोंद वाचून व्हायच्या आत तो आकडा कर्नलला दिसला, तर तुम्ही वाचत असतानाच तो त्यावर लिहील. हाती येणारी नोंद अर्धी जुनी, अर्धी नवी. ही चूक बफर जवळपास भरलेला असतानाच दिसते, म्हणजे बरोबर गर्दीच्या दिवशी.

म्हणून युझरने ‘उचलल्या’ रिलीजने लिहायचं आणि कर्नलने खान्यात लिहायच्या आधी ते अक्वायरने वाचायचं. पहिल्या जोडाचाच आरसा, फक्त दिशा उलटी.

परफचा कोड वाचाल तर तिथे कर्नलच्या बाजूला या जागी अक्वायर दिसणार नाही. जागा आहे का हे वाचून, ‘इफ’च्या आतच लिहिलं तर प्रोसेसर ते लिखाण वाचनाआधी बाहेर पडू देत नाही, या गुणावर त्यांनी काम भागवलं आहे, आणि कोणता बॅरियर कोणाचा जोडीदार ते शेजारच्या टिपणीत अ, ब, क, ड सारखी अक्षरं देऊन मांडलं आहे. ती टिपणी जरूर वाचा. नक्कल मात्र करू नका. कंपायलर ‘इफ’च कधी उडवेल ते सांगता येत नाही, आणि वाचवलेल्या एका अक्वायरने आपला भुईकाटा काही वेगवान होणार नाही.

तिसरी भानगड: झोपणारा आणि उठवणारा

प्रोग्राम रात्रंदिवस फळ्याकडे टक लावून बसला तर एक कोअर फुकट तापतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमधल्या बोर्डाला ते परवडत नाही. मग आपण ठरवतो की माल नसेल तर झोपायचं आणि कर्नलने उठवायचं. सामायिक पानावर एक झेंडा ठेवला, ‘मी झोपतोय’. युझर झेंडा लावतो, मग शेवटचं म्हणून फळा बघतो, रिकामा असेल तर झोपतो. कर्नल फळ्यावर आकडा लिहितो, मग झेंडा बघतो, लावलेला असेल तर हाक मारतो.

नीट बघा. दोन्ही बाजूंना आधी एका जागी लिहायचं आहे आणि मग दुसरी जागा वाचायची आहे. एक्स८६ घेतो ती एकमेव सवलत हीच. दोघांचीही लिखाणं आपापल्या स्टोअर बफरमध्ये पडून राहतात, दोघांनाही समोरचं जुनं चित्र दिसतं. युझरला फळा रिकामा दिसतो, तो झोपतो. कर्नलला झेंडा दिसत नाही, तो हाक मारत नाही. माल गोदामात आणि ट्रकवाला घोरतोय. रिलीज-अक्वायर इथे कामाचं नाही, कारण रिलीज लिखाणानंतरचं साधं वाचन त्याच्या आधी सरकू शकतं. दोन्ही बाजूंना मध्ये पूर्ण बॅरियरच हवा: कर्नलमध्ये एसएमपी_एमबी, युझरमध्ये सीक्वेन्शियल कन्सिस्टन्सीचं अ‍ॅटॉमिक_थ्रेड_फेन्स.

खरं उदाहरण हवं असेल तर आयओ युरिंग बघा. जेन्स अ‍ॅक्सबोने आणलेली ही सोय २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत आली. तिच्यात कर्नलचा एक थ्रेड तुमची रांग स्वतः उपसत राहू शकतो आणि काम नसलं की ‘मला उठवा’ असा झेंडा लावून झोपतो. तुम्ही टेल पुढे सरकवल्यावर तो झेंडा वाचायच्या आधी पूर्ण बॅरियर लागतो, आणि लिबयुरिंग ही लायब्ररी तो तुमच्या वतीने घालते. लायब्ररी टाळून हाताने रिंग चालवणाऱ्यांचा प्रोग्राम कधी तरी अडकतो, तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा.

माझा सल्ला विचाराल तर नवख्याने स्वतःचा झेंडा लावूच नये. ‘पोल’ वापरा, म्हणजे माल येईपर्यंत झोपवून ठेवणारा तयार सिस्टिम कॉल. ड्रायव्हरच्या पोल फंक्शनमध्ये आधी पोल_वेट, मग शिल्लक तपासा. आणि नोंद टाकल्यावर वेक_अप बिनशर्त बोलवा. कुणी झोपलंय का हे वेटक्यू_अ‍ॅक्टिव्हने आधी बघून हाक वाचवायला गेलात, की तो पूर्ण बॅरियर पुन्हा तुमच्या गळ्यात. सेकंदाला ८० हाकांनी काही बिघडत नाही.

समोरच्यावर विश्वास ठेवू नका

हे क्रमाचं नाही, तरी त्याच पानावरचं आहे. ‘उचलल्या’ हा आकडा युझर स्पेसमधून येतो, म्हणजे तिथे काहीही असू शकतं. कर्नलने तो एकदाच वाचून स्थानिक चलात घ्यावा, वजाबाकी खान्यांच्या संख्येपेक्षा मोठी येत नाही ना ते तपासावं, आणि पुढे त्या चलाशीच काम करावं. तपासायला एकदा आणि वापरायला पुन्हा, असं दोनदा वाचलंत तर मधल्या काळात कुणीतरी आकडा बदलू शकतो. सुरक्षेतल्या कितीतरी भोकांची मुळं या दुहेरी वाचनात आहेत. अक्वायर वाचन वापरत असाल तर ते एकदाच होतं, कंपायलर पुन्हा वाचत नाही. साध्या वाचनाला मात्र रीड_वन्स (एकदाच वाचायला लावणारा मॅक्रो) लावा.

स्वतःचा ‘भरल्या’ आकडाही सामायिक पानावरून परत वाचू नका. खरी प्रत कर्नलच्या खासगी रचनेत ठेवा, पानावर फक्त जाहिरात करा. बीपीएफचा रिंग बफर, जो २०२० मध्ये लिनक्स ५.८ मध्ये आला, उपसणाऱ्याचं पान तेवढं लिहिता येण्यासारखं देतो. भरणाऱ्याचं आणि डेटाचं पान युझरला फक्त वाचायला मिळतं. तीच वाटणी उचला.

आणि ‘एसएमपी’ने (म्हणजे अनेक कोअरचं मशीन) सुरू होणारे बॅरियर कोअर-कोअरमधल्या बोलण्यासाठी आहेत. एकाच प्रोसेसरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये ते नुसते कंपायलरला अडवणारे उरतात. समोर युझरऐवजी डीएमए करणारं (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिणारं-वाचणारं) उपकरण असेल तर डीएमए_डब्ल्यूएमबी आणि त्याची भावंडं वेगळी आहेत. आमच्या काट्यावर तो प्रश्न नव्हता, म्हणून पुढे जातो.

पकडायचं कसं

प्रिंट टाकून हा बग सापडत नाही. प्रिंट टाकली की वेळेचं गणित बदलतं आणि बग लपतो, डॉक्टरांच्या दारात दाढ दुखायची थांबते तसा. मी दोन दिवस असेच घालवले.

उपयोगी पडलं ते वेगळंच. प्रत्येक नोंदीत सुरुवातीला आणि शेवटी तिचा क्रमांक लिहा, तोच जो ‘भरल्या’मध्ये होता. वाचणाऱ्याने दोन्ही तपासायचे. पुढचा-मागचा जुळला नाही तर नोंद फाटली, म्हणजे दुसऱ्या जोडाकडे बघा. दोन्ही जुळले पण बरोबर खान्यांच्या संख्येइतके मागे निघाले, तर शिळी नोंद, पहिल्या जोडाकडे बघा. चाचणीत खाने ४०९६ ऐवजी ८ करा, लोडसेल काढून टाका आणि कर्नलला टायमरऐवजी लूपमध्ये जमेल तितक्या वेगाने भरू द्या. भरणारा आणि उपसणारा टास्कसेट कमांडने वेगवेगळ्या कोअरवर बांधा. हे सगळं एआरएमवर करा. रास्पबेरी पाय ४ मधले कॉर्टेक्स ए७२ कोअर सूचना क्रम मोडून चालवतात, त्यामुळे तो चांगला छळवादी आहे. पाय ३ मधले ए५३ कोअर सूचना क्रमाने चालवतात, तिथे बग दिसला नाही तर निश्चिंत होऊ नका.

केसीसॅन हा तपासनीस कर्नलच्या बाजूच्या शर्यती, म्हणजे एकाच जागेवर दोघांची बिनक्रमाची लिखाणं-वाचनं, दाखवतो; थ्रेड सॅनिटायझर युझरच्या. पलीकडचा कोड दोघांनाही दिसत नाही, म्हणून हद्दीवरच्या जोडाची खात्री दुसऱ्या वाटेने करावी लागते. कर्नलच्या सोर्स कोडच्या झाडात टूल्सखाली मेमरी-मॉडेल नावाची डिरेक्टरी आहे, २०१८ मध्ये ४.१७ पासून. तिथे दोन-चार ओळींच्या लिटमस चाचण्या आहेत. ‘एमपी’ नावाच्या म्हणजे आपला पहिला जोड, ‘एसबी’ नावाच्या म्हणजे झोपणाऱ्याची भानगड. त्यातली एक उचलून बॅरियर काढा आणि हर्ड७ हा तपासणारा प्रोग्राम चालवा. नको असलेला निकाल शक्य आहे की नाही, तो नशिबावर न सोडता सगळे क्रम तपासून सांगतो. मग बॅरियर एका बाजूला बसवून बघा, मग दोन्ही बाजूंना. अर्ध्या तासाचं काम आहे.

आमच्या चाचणीत ८ खान्यांवर जुना कोड काही सेकंदांत शिळी नोंद देऊ लागला, जिची काट्यावर आठवडेच्या आठवडे वाट पाहिली होती. दोन्ही बाजूंना जोड बसवल्यावर बोर्ड रात्रभर चालू ठेवला. पहाटे लोडशेडिंगने बंद पडला तोवर एकही चूक नव्हती. बदललेल्या ओळी चार. मुनीमजींनी विचारलं, "चार ओळींना इतके दिवस?" मी म्हटलं, "दोन इकडच्या, दोन तिकडच्या." प्रत्येक ओळीवर टिपणी आहे की तिचा जोडीदार कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या फंक्शनमध्ये बसलाय. क्रमांकाची तपासणी पावतीच्या प्रोग्राममध्ये अजून ठेवली आहे. ती चुकली तर पावती छापली जात नाही, मुनीमजींच्या स्क्रीनवर लाल अक्षरात ‘पुन्हा वजन घ्या’ येतं.